मागच्या सीटखालची श्रुती

अहो,

वर्षभर गाडी शेडमध्येच उभी होती. मी तिकडे पाहत नसे. आपला कार्तिकेय विकू म्हणतो. मी म्हटले, तुमच्या वर्षश्राद्धाला कावेरीकाठी तिरुवैयारुला मी हीच गाडी चालवत नेईन. नाही चालली तर वीक.

नवी बॅटरी घातली. इंजिन फिरायचे, पण धरत नव्हते. मेकॅनिकला सांगितले, "श्रुती येत नाही." त्याने रेडिओ उघडला. आपल्या घरचा शब्द त्याला कसा कळावा? चावी अर्धी फिरवली की मागच्या सीटखाली पेट्रोलचा पंप तंबोऱ्यासारखा एका आधारस्वरात गुणगुणायचा, आणि तुम्ही म्हणायचात, "थांब, श्रुती लागू दे."

मग मीच दोष शोधायला बसले. फ्यूज चांगला होता. हॉर्नचा रिले, म्हणजे वीज सोडणारा स्विच, काढून पंपाला लावला, तरी पंपाचा आवाज नाही. सीट उचलून पंपाच्या तारांना मीटर लावला.

"अम्मा, ही तुझी फिजिक्सची लॅब नव्हे," कार्तिकेय तमिळमध्ये म्हणाला. मराठी त्याला कळते, पण बोलत नाही.

"तीच आहे. टॉर्च धर."

वीज पंपापर्यंत येत होती. म्हणजे जुने पेट्रोल चिकट होऊन पंपच अडकला होता. मेकॅनिककडून टाकी धुऊन नवा पंप बसवून घेतला.

आज संध्याकाळी चावी घातली. घाईने पूर्णच फिरवणार होते. शेजारी बसलेल्या कार्तिकेयने मनगट धरले.

"थांब अम्मा," तो मराठीत म्हणाला, "श्रुती लागू दे."

लागली. गाडी आता विकायची नाही.

उद्या कावेरीवर येते.

तुमची,
भामा