रफूवालीचा डोळा

दि. ३ मार्च
चि. धाकट्यास, अ. उ. आ.
डॉक्टरांनी निकाल दिला. उजव्या डोळ्याच्या पडद्यामागे रक्तवाहिन्यांची गाठ आहे. कॅन्सर नाही, पण तिच्यातून पाणी झिरपतं, म्हणून मला कापडाचा सरळ धागाही वाकडा दिसतो. हाताच्या शिरेतून औषध देऊन डोळ्यावर लेसरचा थंड प्रकाश सोडणार आहेत. पुढे पाच दिवस ऊन वर्ज्य, नाहीतर त्या औषधानं कातडी भाजते. रफूचं काम सुटलं तर मी घरात सगळ्यांचा जीव खाईन, म्हणून हे करतेच आहे. तू आपलं दुकान सांभाळ.
तुझी ताई

दि. १४ मार्च
ती. ताईस, सा. न. वि. वि.
भावजींचं पत्र आलं. लेसर झाल्यावर तिसऱ्याच दिवशी तू गिऱ्हाइकाचा कोट घेऊन दारात उन्हात गेलीस आणि हात भाजून घेतलास. धागा दिव्याखाली नाही, दिवसाच्या उजेडात जुळवायचा, हे बाबांनी आपल्याला शिकवलं खरं. पण अक्कल गहाण ठेवून जुळवा, असं नव्हतं सांगितलं. शिवाय पडद्याखालचं पाणी वाढलंय म्हणे. आता पुरे. पुन्हा त्या प्रकाशाच्या वाटेला जाऊ नकोस. इकडे ये, माझ्या दुकानात गल्ल्यावर बस. मला फार भीती वाटते.
तुझा धाकटा

दि. २ जून
चि. धाकट्यास, अ. उ. आ.
तपासणीसाठी थांबले, म्हणून उत्तराला उशीर. फोड कधीच सुकले. चूक माझी होती, तुझ्या भावजींना बोल लावू नकोस. पाणी सुरुवातीला वाढतं, तसं वाढलं आणि ओसरलं. गाठ आटली, पण पुरती नाही. दुसऱ्या फेरीत मधली नजर कायमची अंधूक होऊ शकते, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. नाही केली तर पाणी पुन्हा भरेल आणि डोळा हळूहळू जाईलच. हातावर हात ठेवून तो जाऊ द्यायचा नाही, एवढं मी ठरवलंय. वीस तारखेला जाते. गल्ल्यावर मी बसले तर तुझी गिऱ्हाइकं पळतील.
उजव्या डोळ्यावर पट्टी बांधून रोज डाव्यानं रफू करते. तुझा इथे राहिलेला करडा कोट पाठवते आहे. रफू कुठे आहे ते शोध आणि खरं सांग.
तुझी ताई

दि. ९ जून
ती. ताईस, सा. न. वि. वि.
दुपारभर शोधलं. डाव्या खिशाखाली सापडलं. एक टाका ओढला गेलाय. गिऱ्हाइकाला दिसणार नाही, बाबांना दिसला असता.
आदल्या दिवशी दुकान बंद करून येतो, दवाखान्यात सोबत असेन. कोट परत आणतोय. तो टाका मी काढणार नाही. तूच उसवायचा आणि तूच भरायचा, मग कुठल्याही डोळ्यानं भर.
राग कमी, लोभ जास्त असावा.
तुझा धाकटा