रिकामी पाकिटं

३ मार्च
मेहुण्यांनी परत ताईचा फोन तपासला! मेसेज पुसलेले असतात, वाचायला काही सापडत नाही. पण कुणाला किती गेले त्याची नोंद फोनमध्ये राहते, मग नुसतं तेच मोजतात. "काल दुपारी बहिणीला बावीस. त्याआधी आठवडाभर एकही नाही. काय शिजतंय?" शिजत होतंच. ताईची नोकरीची मुलाखत होती. आता घराची किल्लीही काढून घेतलीय तिच्याकडून.

आणि मी असल्याच मेसेजच्या ॲपच्या कंपनीत! तोंड वर करून लोकांना सांगते, तुमचं बोलणं कुणी वाचू शकत नाही. खरंय. पत्र सीलबंद. पण पाकिटावर कोण, कुणाला, केव्हा — सगळं ठळक अक्षरात.

५ मार्च
आईचा रोजचा गुलाब आला, खाली 'शुभ सकाळ'. ताईलाही गेला असणार. मेहुणे त्याकडे ढुंकूनही बघत नाहीत. रोज येतो ना.
रोज येतो म्हणून!

९ मार्च
ऑफिसात मांडलं. प्रत्येक फोननं दर पाव तासाला एक पाकीट पाठवायचं, बोलायचं असो वा नसो. बहुतेक रिकामी. खरं काही लिहिलं तर ते पुढच्या पाकिटातून जाईल. बाहेरून सगळी सारखीच.

'बॅटरी' उसळला. (टीममध्ये त्याला हेच नाव, त्याला दुसरी चिंताच नाही.) "दुपारपर्यंत फोन मान टाकेल!" मॅडम म्हणाल्या, "काही सांगायचं नसताना पाठवत राहायचं? लोक हसतील." मग मी ताईचं सगळं सांगून टाकलं. लाज वाटली.

बॅटरीच खुर्ची ओढून शेजारी येऊन बसला. "पाकीट बारीक करू. मग परवडेल." असा राग होता त्याचा, सगळा विरघळला.

१७ मार्च
ताईच्या फोनवरही चाचणी सुरू केलीय. तिनं मेहुण्यांना खरं तेच सांगितलं — बहिणीच्या ऑफिसची चाचणी आहे, फोन आपोआप पाठवतो. विश्वास कुठला! आज तिचा फोन खिशात घालूनच कामावर गेले. आणि दिवसभर त्यांच्या खिशातून मला पाकिटं! माझ्या चाचणीच्या फोनवर दिसतात ती. रिकामं. रिकामं. रिकामं. मी एकटीच हसत बसले.

संध्याकाळी फोन टेबलावर आपटला म्हणे. "तुझ्या बहिणीला कामधंदा नाही!" मोजणं बंद.

१८ मार्च
बॅटरीला चहा पाजला.

२६ मार्च
पाकिटात मजकूर! "नोकरी लागली. शनिवारी हे बाहेर पडले की तुझ्याकडे यायला निघते, चिमणीला घेऊन." चिमणी म्हणजे माझी भाची. मी विचारलं, किल्ली? पाव तास नखं खात बसले — नियम माझाच! उत्तर आलं, "परत यायचंच नाही तर किल्ली कशाला? दार ओढून घेईन."
अशी ताई कितीतरी दिवसांनी भेटली.

२८ मार्च, दुपार
निघालीच नाही. वाटेत एवढे बोगदे, तिथे रेंज जाते, एखादं तरी पाकीट चुकायला हवं होतं. एकही चुकलं नाही. वेळच्या वेळी, आणि सगळी रिकामी. म्हणजे फोन घरीच, ताई घरीच. धीर सुटला असेल. की त्यांना कळलं? विचारलं, तर उत्तर नाही. बाहेरून काहीच कळू नये म्हणून एवढा खटाटोप केला, आणि आता मलाच काही कळत नाहीये!
आईला काय सांगू?

२८ मार्च, संध्याकाळ
चिमणी माझ्या पलंगावर आडवीतिडवी झोपलीय. ताई समोर बसून चहा पितेय. फोन? "तो कुठे आहे ते त्यांना दिसतं ना. चार्जिंगला लावून आले. बसू दे बोलत!"
आत्ता आणखी एक आलं. रिकामं.