फ्रीजच्या तारेवरचं कडं

३ मे
मुलगा, निखिल, गेला परत रॉटरडॅमला. निघेपर्यंत फ्रीजच्या वायरीत डोकं. त्याच्या कंपनीचं उत्पादन : तारेभोवती बसणारं चुंबकी कडं. तारेतून करंट वाहिला की त्यावरच हे जगतं, आणि फ्रीजमधल्या सेन्सरवरून माझ्या नवऱ्याच्या, विनूच्या, इन्सुलिनचं तापमान निखिलच्या फोनवर पाठवतं. वायरीतल्या दोन तारांपैकी एकीवरच बसवायचं. दोन्ही एकत्र धरल्या तर एकमेकींना मारतात, कडं उपाशी. आमचा संसार.
"सेल नको, चार्जिंग नको. कुणी बघायलाच लागत नाही, आई."
हे बोलताना माझ्याकडे बघत नव्हता.

११ मे
रविवार. नि.चा फोन नाही, मेसेज. "४.६. सगळं छान."
गाढवा, छान आहे तो फ्रीज.

१९ मे
काल दुपारी गेलेली लाइट आज सकाळी आली. दूध नासलं. इन्सुलिनची पेनं कोमट. केमिस्ट म्हणाला, भरवसा नाही, टाका. टाकली.
नि.ला फोन लावला. "पण इथे पाच दाखवतंय."
"दूध फाटलंय इथे!"
मग हळूच : "करंट नसला की ते पाठवत नाही. शेवटचा आकडा राहतो."
म्हणजे फ्रीज चालू असताना चालू आहे म्हणून सांगणार. बंद पडला की मुकं! याला इंजिनिअर कोणी केलं? आम्हीच.
म्हणाला, आकड्याखाली तो कधी आला ती वेळ असते, रोज बघत जाईन. पुढच्या मॉडेलमध्ये सुधारणार आहेत.
विनूचं पुढचं मॉडेल कुठून आणू?

२० मे
शेजारच्या शमीमभाभी चिडल्या. "या अल्ला, हाक तरी मारायची, वहिनी! इन्वर्टर हाय आमच्याकडे." त्यांचा मुलगा कतारला. भांडायला का होईना, रोज फोन करतो.
घरी येऊन उगाच भांडी घासली. घासलेलीच.

२६ मे
नवी पेनं भाभींच्या फ्रीजमध्ये ठेवून आले. मग आमच्या फ्रीजचं बटण मीच बंद केलं.
विनू : "वेडी झालीस? घाबरेल तो."
घाबरू दे. त्यासाठीच.
बर्फ वितळून फरशीभर पाणी. दोनदा पुसलं. फोन टेबलावर उताणा. विनूला ऐकू कमी येतं, सारखा विचारतो, "वाजला का?"
नाही.
"वाजला का गं?"
तिकडे सकाळ असेल अजून, म्हटलं. कामात असेल.
हे मी म्हणाले.