हिरव्या पेडलमधली दुसरी गिटार

१६ जानेवारी

डिले घ्यायचा. ठरलं. बदली माणूस नको म्हणजे नको!

फाउस्तोकाका तालमीत पुन्हा तेच. रुस्बेल गेल्यापासून बँडचं सगळं तेच बघतात, बास गिटारही तेच वाजवतात, त्यामुळे त्यांना वाटतं शेवटचा शब्दही त्यांचाच. "नऊ फेब्रुवारीला तुझ्या भावाला वर्ष होतंय, चर्चमध्ये त्याचा मिस्सा. मग आई सुतकाचे काळे कपडे उतरवणार, लोक नाचणार. दुसरी गिटार कोण वाजवणार? चुपाका गावात एक जण आहे, बरा हात आहे त्याचा."

मी म्हटलं, रुस्बेलच्या जागी कुणी उभं राहणार नाही.

"मग अर्ध्या कुंबियावर नाचवू लोकांना?"

डिले आणते म्हटलं, पायाने दाबायचं पेडल. मी एक सूर वाजवायचा, मागून तोच पुन्हा येणार. वेळ नीट लावला तर एका गिटारीच्या दोन वाटतात. लीमातले कितीतरी जण असंच भागवतात.

"म्हणजे भावाच्या जागी डबा," काका म्हणाले. म्हणू देत. डबा निदान पिऊन गाडी तरी चालवत नाही.

१७ जानेवारी

आईने आजही त्याच्या शर्टांना हात लावू दिला नाही.

माणूस गेला की पाचव्या दिवशी त्याचे कपडे नदीवर धुवायचे, मग तो मोकळा होतो. आमच्याकडे ते राहूनच गेलं. गाडी मांतारो नदीत पडली, आमचा गायक ओर्लांदो दुसऱ्या दिवशी मेलेला सापडला, रुस्बेल सापडलाच नाही. प्रेत नाही तर कपडे कसले धुवायचे, असं आई वर्षभर म्हणतेय. आता कुठे कबूल झालीय – मिस्साच्या आदल्या दिवशी धुवू.

मला ते व्हायला हवंय. फाटक वाजलं की मी अजून उठून बघते. कंटाळले मी त्याला.

२० जानेवारी

सगळं क्रमाने लिहून काढते.

जुन्या बाजारात सेनोबियोच्या टपरीवर गेले होते. तीन डिले होते त्याच्याकडे. पहिला नवाकोरा, चकचकीत. वाजवलं ते जसंच्या तसं परत देतो, पाचव्या वेळीही तितकंच धारदार. कचेरीतला शिक्का मारल्यासारखं. नको. दुसरा जुना, जड, झाकणाला पत्र्याचा तुकडा लावलेला. त्यात प्रत्येक परतीचा सूर आधीच्यापेक्षा जरा मळका, जरा मऊ, विरत जाणारा. छान! पण मधूनच गुणगुणतो, आणि संथ गाण्याला लागतो तेवढा उशीर त्याला जेमतेम जमतो. मन तरी तिथेच अडकलं होतं.

तिसरा हिरवा, खरवडलेला. सेनोबियोने वायर जोडून दिली. मी नुसता पाय ठेवला. गिटारीच्या तारांना हात लावला नव्हता.

गिटार वाजायला लागली.

"आधीच्या मालकाचं राहिलेलं दिसतंय," सेनोबियो म्हणाला. "ह्यात डिलेही आहे आणि वाजवलेलं साठवायची सोयही. बंद केला तरी शेवटचं लक्षात ठेवतो. थांब ताई, पुसून देतो."

मी त्याचा हात धरला. चांगलाच जोरात धरला असणार, तो ओरडला.

रुस्बेलच्या डाव्या हाताच्या तिसऱ्या बोटाचं पेर लहानपणी दारात चिरडलं होतं. एका ठरावीक जागी त्याची तार नीट दाबली जायची नाही, मुकी व्हायची. लोकांना कळायचं नाही. मला कळायचं. वीस वर्षं त्याच्या शेजारी बसून वाजवलंय मी.

इथे ती तार मुकी होती. प्रत्येक फेरीला.

कुठून आलं विचारलं तर म्हणे, "मी पोत्याने माल घेतो, ताई. पोत्याला कोण नाव विचारतं?" काही केल्या जास्त बोलला नाही. मी हिरवं पेडल घेऊन घरी आले.

२१ जानेवारी

दिवसभर ऐकलं. पाऊण मिनिटभर चालतं, संपतं, पुन्हा पहिल्यापासून.

मागे कसलातरी आवाज आहे. आधी वाटलं पत्र्यावरचा पाऊस. पण पाऊस वाढतो, ओसरतो. हा एकसारखा चालू आहे. पाणी.

आणखी एक. हे पेडल त्याचं नव्हतंच कधी. तो माझ्याच वस्तू न्यायचा आणि परत करायचा नाही.

२३ जानेवारी

काकांना ऐकवलं. हातातली कॉफी तशीच राहिली. मग म्हणाले, "सिरेना."

डोंगरातले म्हातारे झऱ्यापाशी गिटार ठेवून येतात, पाण्यातली जलपरी, सिरेना, ती सुरात लावून देते, हे मी लहानपणापासून ऐकतेय. काकांनीही एकदा ठेवली होती म्हणे. "ती वाजवणाऱ्यांना मारत नाही, पोरी. कामाला ठेवते."

मला हसू आलं. म्हटलं, मग बासवाल्यांना कसं नेत नाही?

"बास कुणाला ऐकू येतो बाई? म्हणून तर अजून जिवंत आहे." हे म्हणताना स्वतः मात्र हसले नाहीत. निघताना दारातून म्हणाले, "पुसून टाक ते. तुझ्या आईच्या कानावर जायच्या आत."

२४ जानेवारी

गेलंच.

मी दुपारी दार लावून ऐकत होते. आई जिन्यात कधी आली कळलं नाही. दार उघडलं तर हातात डाव, चेहरा असा की तसा मी वर्षभरात पाहिला नव्हता. म्हणाली, "आला?"

मी पेडल दाखवलं. डबा आहे आई, डबा. ती माझ्याकडे बघतच नव्हती. खोलीत बघत होती, कोपऱ्यातल्या त्याच्या स्टुलाकडे.

जेवायला तीन ताटल्या. तिसरी रुस्बेलची. सूप निवून वर साय धरली तरी तिने ते हलवू दिलं नाही.

२५ जानेवारी

"कपडे धुवायचे नाहीत."

एवढंच. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच! एक डिले आणायला गेले आणि वर्षभराचं सगळं मुळापासून परत आलं.

२८ जानेवारी

बेर्तावहिनी आली होती. ओर्लांदोची बायको. वर्षभर रस्त्यात दिसली की पलीकडच्या बाजूला जायची. तिचंही बरोबर होतं. गाडी रुस्बेल चालवत होता, आणि तो किती पिऊन होता ते सगळ्या गावाला माहीत आहे.

बसली. भाजलेला मका खाल्ला. म्हणाली, "तुझ्या आईचे काळे कपडे मी उतरवीन, चालेल तुम्हाला तर." ते काम आपलं माणूसच करतं; मला रडूच आलं. ती पुढे म्हणाली, "त्याचाही जीव गेलाच ना. मेलेल्यावर किती दिवस चिडायचं? मीच दमले."

हिरवं पेडल टेबलावर होतं. मी त्यावर फडकं टाकलं. का टाकलं? काही वाजत नव्हतं. वायरही जोडलेली नव्हती.

३० जानेवारी

डोकं ताळ्यावर ठेवून विचार केला. हे जुनं असणार. अपघाताच्या आधी कधीतरी, कुणाच्या तरी पेडलवर, कुठल्यातरी नदीकाठी. कुठलं गाणं ते सापडलं की कधीचं ते कळेल, आणि आईला सांगता येईल.

हे नुसतं दुसऱ्या गिटारीचं वाजवणं आहे. पहिल्या गिटारीसाठी जागा सोडून सोडून वाजवलंय. मी आमच्या बँडची सगळी गाणी त्यावर वाजवून बघितली. एकही बसत नाही. काकांच्या तरुणपणची बघितली. नाही. जागा भलत्याच ठिकाणी आहेत आणि लांब आहेत.

१ फेब्रुवारी

तो माझ्यासाठी कधी थांबायचाच नाही. मी सूर संपवायच्या आत ह्याचा हात पुढे! किती भांडलो त्यावरून, स्टेजवरसुद्धा.

ह्यात तो थांबतो. शांतपणे थांबतो, समोरच्याचं पूर्ण होऊ देतो, मग येतो. कोणासाठी थांबला असेल इतका? मला राग आला. मग खूप रडले. मला तो हवाय. मेलेला, जिवंत, प्यालेला, कसाही.

३ फेब्रुवारी

आईशी खोटं बोलले. म्हटलं गाणं सापडलं, जुनं आहे, चार वर्षांपूर्वीचं, लीमाच्या दौऱ्यातलं. ती बराच वेळ हाताची शीर चोळत बसली. मग उठली आणि तिसरी ताटली फळीवर ठेवून आली.

"धुवू या मग," म्हणाली. "पण मिस्सानंतर त्याचं गाणं वाजव. तू केलेलंस ते."

नको म्हणत होते मी. ते ऑगस्टमध्ये केलं, ह्याच खोलीत, आणि घराबाहेर एकदाच वाजवलंय – दोन नोव्हेंबरला. त्या दिवशी सगळे आपापल्या माणसांच्या थडग्यावर जेवण घेऊन जातात, बँड लावतात. आम्हाला थडगं कुठलं? गाडी जिथे पडली त्या वळणाखाली काठावर गेलो. आई, काका, मी. बॅटरीवरचा छोटा अॅम्प होता. पलीकडच्या काठावर निलगिरीची झाडं आणि कुणाच्यातरी चुलीचा धूर, बाकी कोणी नाही. मी वाजवलं आणि आईने नदीत चिचा, मक्याची दारू, ओतली. लोकांपुढे वाजवायचं गाणंच नाही ते.

पण कबूल झाले. तिने ताटली उचलली होती, मी नाही कशी म्हणू?

५ फेब्रुवारी

सेनोबियोकडून तो जुना डिले आणला. पत्र्याच्या तुकड्याचा, गुणगुणणारा. हाच बरोबर आहे. परतीचा प्रत्येक सूर थोडा पुसट, थोडा लांबचा, आणि मग नाहीच. तीन आवृत्त्या पुरतात, चौथीला चिखल होतो. काकांनी ऐकलं आणि म्हणाले, "हं. डबा बरा आहे." त्यांच्या तोंडून एवढं म्हणजे पुष्कळ.

आईने शर्ट खुंटीवरून काढले. एकेकाची घडी घालून टोपलीत ठेवत होती. निळ्याचं बटण तुटलं होतं, ते लावत बसली. धुवायच्या कपड्याला बटण! मी सुईत दोरा ओवून दिला.

नदीला पाणी खूप आहे. बेर्तावहिनी येणार आहे सोबतीला.

८ फेब्रुवारी

सकाळी त्याच्या गाण्याचा सराव करायला बसले. दोन्ही पेडलं जमिनीवर शेजारी होती. पाय चुकून हिरव्यावर पडला, आणि हात थांबायच्या आत मी पुढे वाजवत गेले.

बसलं. फेरीच्या पहिल्या सुरापासून शेवटच्यापर्यंत. मी जिथे बोलते तिथे तो गप्प, मी संपवते तिथे तो येतो. पुन्हा वाजवून बघितलं. पुन्हा बसलं.

तो फेब्रुवारीत नदीत गेला. गाणं मी त्यानंतर ऑगस्टमध्ये केलं, आणि घराबाहेर ते फक्त त्या नदीकाठाने ऐकलंय.

बेर्तावहिनी खाली आलीय. आई हाक मारतेय, टोपली धरायला ये म्हणून.