डावीकडे खचलेली खुर्ची

ता. ३ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
ताईचे अनेक आशीर्वाद, आणि त्यांच्या जोडीला थोडा राग.

तुझ्या लेकीने फोनवर आईला सांगितलं आणि आईने मला, की तुमच्याकडे गेमिंगची खुर्ची आली. उंच पाठीची, मानेला उशी असलेली, चाकांवर फिरणारी. ऑनलाइन मागवली म्हणे. सख्ख्या बहिणीचं फर्निचरचं दुकान आहे, काचेपाशी तशाच सहा खुर्च्या ओळीने मांडल्यात, आणि तू फोटो बघून खुर्ची घेतोस. मला फोनवर हल्ली अर्धंच ऐकू येतं म्हणून हे लिहिते. शिवाय लिहिलं की तुला मध्येच तोडता येत नाही.

बाबा गिऱ्हाइकाला आधी पंधरा मिनिटं बसवायचे. पहिली पाच मिनिटं सगळेच फोटो काढायला बसल्यासारखे ताठ बसतात. मग पाठ सैल होते, एक खांदा पडतो, पाय सुटतात आणि माणसाची खरी बैठक दिसायला लागते. तेव्हा बाबा हळूच मागून जाऊन मापं घ्यायचे. टाच, मांडी, पाठ, कोपर, याच क्रमाने. मीही तेच करते. गेम खेळणाऱ्या पोरांना तर हातात कंट्रोलर देऊन अर्धा तास बसवते. दुकानाची वेबसाइट आहे, पण ती नुसती दाखवायला. गिऱ्हाइकाला बसवल्याशिवाय मी खुर्ची विकत नाही म्हणजे नाही.

दुकानात असल्या खुर्च्या ठेवा, असं सगळ्यात आधी कोण म्हणालं होतं ते तुला आठवतच असेल. नऊ वर्षं झाली मधला घर सोडून गेला त्याला. मी त्याचं नाव घरात काढत नाही. आईचे डोळे अधू झालेत, तरी तिची दाराकडे बघायची सवय काही सुटत नाही.

खुर्ची कशी निघाली ते खरं खरं कळव. राग विरघळला की खाली लोभ तसाच सापडेल.

तुझी
ताई


ता. ९ फेब्रुवारी

ती. ताईस,
धाकट्याचा सा. न., कान धरून.

तुझं म्हणणं मान्य, पण माझंही ऐक. दुकानात विक्रेता मानगुटीवर बसतो (तू सोडून, असं लिहायला हवं, नाहीतर पुढचं पत्र यायचं नाही). ऑनलाइन घरबसल्या चाळीस खुर्च्या बघता येतात, लोकांची मतं वाचता येतात आणि पटली नाही तर पंधरा दिवसांत परत. मी दिवसभर घरी बसून नकाशे काढणारा माणूस. मला हे सोयीचं वाटलं. मात्र एक गोष्ट लेकीने पोटात ठेवलेली दिसते. खुर्ची कोरी नाही. कुणीतरी वापरलेली, साफसूफ करून पुन्हा विकायला काढलेली आहे.

आता खरं खरं. लेक त्या खुर्चीत बसत नाही. दोन दिवस बसली, मग म्हणाली की तिच्यात आधीच कुणीतरी बसलंय. आम्ही हसलो. बैठक डावीकडे चांगलीच खचली आहे, त्यामुळे तसं वाटत असेल अशी तिची समजूत घातली. नंतर दुपारी मी स्वतः बसून काम केलं. तासाभराने बायको चहा घेऊन आली आणि दारातच थबकली. मी डावा पाय मांडीखाली दुमडून बसलो होतो आणि उजव्या हाताने मान चोळत होतो. मी असा कधीच बसत नाही ताई, माझा गुडघा तेवढा वळतसुद्धा नाही.

खुर्ची टेबलाशी सरळ लावली की थोड्या वेळाने खिडकीकडे वळलेली असते. फरशी उतरती असेल म्हणून मी पाणी ओतून बघितलं. पाणी उलट्या बाजूला गेलं. बैठकीच्या खालून वीतभर उसवलेलं कुणीतरी हाताने शिवलं आहे. त्याचा फोटो सोबत ठेवला आहे. ही शिवण टिकेल का, की खुर्ची परत पाठवू?

आईला नमस्कार. माझ्यावर माया आहे तेवढीच राहू दे, राग आपोआप कमी दिसेल.

तुझा
धाकटा


ता. १४ फेब्रुवारी

चि. धाकट्यास आशीर्वाद.

खुर्ची परत पाठवू नकोस. आधी हे वाक्य वाच, मग पुढचं.

फोटो भिंगाखाली धरून बघितला. तीन टाके सरळ आणि चौथा मागे वळवून पुन्हा त्याच भोकातून काढलेला. ही बाबांची शिवण आहे. बाबांनी ती तिघांनाच शिकवली. मला, दुकानातल्या म्हाताऱ्या मिस्त्रींना आणि मधल्याला. तू सुई दिसली की पळायचास. डावा पाय मांडीखाली घेऊन, मान चोळत कोण बसायचं ते मी तुला सांगायला नको. बाबा त्याला त्यावरून रोज बोलायचे.

तुला कधी सांगितलं नाही ते आज सांगते. तो गेला त्या दिवशी बाबा दुकानात नव्हते. तो खेळाच्या खुर्च्यांची चित्रं घेऊन आला होता. पोरं तासन्तास खेळतात, त्यांच्या पाठी मोडतात, त्यांच्यासाठी आपण नीट खुर्च्या करू, लांबच्या लोकांना घरपोच पाठवू, असं म्हणत होता. मी गिऱ्हाइकांसमोर हसले. म्हणाले, तू आधी बूड टेकून काम करायला शीक, मग दुसऱ्यांच्या बुडाची काळजी कर. तो चित्रं तिथेच टाकून निघून गेला. बाबा गेले तेव्हाही आपण त्याला कळवू शकलो नाही. आता त्याच खुर्च्या मी विकते आणि लोक मला हुशार म्हणतात.

तो जिवंत आहे का, एवढंच मला कळायला हवं. बैठकीचा खळगा मोज. ती खुर्ची कुठून आली ते विचार. आईला इतक्यात काही बोलू नकोस.

जपून राहा, आणि या बहिणीचा तिटकारा करू नकोस.

ताई


ता. २० फेब्रुवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

तिटकारा कसला करायचा. तेव्हा मीही हसलो असतो.

विकणाऱ्यांना फोन केला. आधीच्या मालकाची माहिती देता येत नाही, हे एक वाक्य तीन माणसांनी तीन वेळा ऐकवलं. त्यांचं गोदाम इथून बसने दोन तासांवर आहे. येत्या आठवड्यात जातो.

खळगा मोजायला गेलो, पण माझी पट्टी कागदावर चालते, फोमवर नाही. म्हणून चार स्क्रू काढून अख्खी बैठकच तुझ्याकडे पार्सलने पाठवली आहे. तू हात फिरवलास की तुला कळेल. बाबांनी त्याचं माप घेतलेलं दुकानातल्या मापांच्या वहीत असेलच.

एक सांगतो, हसू नकोस. बैठक काढल्यावर नुसता सांगाडा आणि पाठ उरली. तीही आज दुपारी खिडकीकडे वळलेली होती. लेक शाळेतून आल्यावर बघून म्हणाली, ते गेले नाहीत, उभे राहिलेत. बायकोने तिला खूप रागावलं. ती खोली आम्ही आता बंद ठेवतो.

तुझ्या मायेवर विसंबून असलेला
धाकटा


ता. २७ फेब्रुवारी

चि. धाकट्यास आशीर्वाद.

काय लिहू. पार्सल आलं त्या दिवशी मी आईला घेऊन डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले होते. खचलेली बैठक दुकानात दिवसभरही तशी ठेवायची नाही, हा माझाच नियम. मिस्त्रींनी तीस वर्षं करतात तेच केलं. कापड सोडवलं, जुना फोम काढला, नवा भरला. जुन्याचे तुकडे लोडाच्या खोळीत गेलेसुद्धा. मी आले तेव्हा बैठक टेबलावर सपाट, गुबगुबीत ठेवलेली होती आणि मिस्त्री कौतुकाची वाट बघत होते. नऊ वर्षांत तो एवढाच घरी आला होता, आणि आम्ही त्याला उपसून टाकला.

शिवण मात्र मिस्त्रींनी उसवली नव्हती. ते म्हणाले, आपल्याच दुकानची शिवण दिसली, म्हणून राहू दिली.

मी तिथेच रडत बसले. आई शेजारी होती. तिने बैठक ओढून मांडीवर घेतली आणि खालून बोटं फिरवली. टाक्यांवर आल्यावर थांबली, पुन्हा पहिल्यापासून फिरवली आणि म्हणाली, “हा अजून टाके फार ओढून घालतो.”

‘घालतो’ म्हणाली. मग मी सगळं सांगितलं. तेव्हापासून ती रोज विचारते, धाकट्याचं पत्र आलं का. लवकर जा. सांभाळून जा.

ताई


ता. ६ मार्च

ती. ताई,

बसून वाच, आणि आधी एकटीच वाच.

गोदामात शेकडो खुर्च्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून उभ्या होत्या. तिथल्या देखरेखीच्या बाईंना शिवणीचा फोटो दाखवला. त्यांना ती खुर्ची आठवली, कारण हाताने शिवलेला माल त्यांच्याकडे येत नाही. एका घरमालकिणीने भाडेकरूची खोली रिकामी करून दिली, त्यातली ती होती. त्यांनी नियम बाजूला ठेवून पत्ता दिला.

मालकीणबाईंना मी माझ्या लग्नातला फोटो दाखवला. त्यांनी थेट मधल्यावर बोट ठेवलं. सगळे त्याला खुर्चीवाला म्हणत. तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत, खिडकीकडे तोंड करून, तो लोकांच्या खुर्च्या दुरुस्त करायचा आणि काम संपलं की कानाला हेडफोन लावून गेम खेळायचा. गल्लीतली पोरं त्याच्याकडे शिकायला यायची.

ताई, तो गेला. सव्वा वर्ष झालं. भर दुपारी, त्याच खुर्चीत. हृदय बंद पडलं, असं डॉक्टर म्हणाले. घरचं कुणी माहीत नव्हतं, म्हणून शेवटचं सगळं नगरपालिकेने केलं. मालकीणबाई मात्र सोबत गेल्या होत्या. मी त्यांच्या पाया पडलो.

एक गोष्ट त्यांना उलगडली नव्हती, मलाही उलगडली नाही. पुढच्याच आठवड्यात तो प्रवासाला निघणार होता. नवी बॅग आणली होती. कुठे जाताय विचारलं तर हसून म्हणाला, एका दुकानात खुर्चीत बसून यायचंय. खुर्चीत बसायला कुणी दिवसभराचा प्रवास करतं का, असं त्या मला विचारत होत्या. तुला काही कळतंय का?

आईला कसं सांगायचं ते तूच ठरव. मी तुझ्याजवळ आहे असं समज.

धाकटा


ता. १२ मार्च

चि. धाकट्यास आशीर्वाद.

मला कळलं. पत्र वाचून होण्याआधीच कळलं.

सव्वा वर्षापूर्वीच्या त्या हिवाळ्यात दुकानाच्या वेबसाइटवर एका खुर्चीची मागणी आली होती. नाव नव्हतं, नुसती दोन अक्षरं. शेऱ्याच्या चौकटीत मापं लिहिली होती. टाच, मांडी, पाठ, कोपर. याच क्रमाने. बाहेरचं कुणी असं लिहीत नाही, आणि मला वाटलं, काय दीडशहाणं गिऱ्हाईक आहे, मापं कशी घ्यायची ते मला शिकवतंय. मी उत्तर दिलं, की आम्ही न बसवता खुर्ची विकत नाही, खरंच हवी असेल तर दुकानात यावं. उत्तर मोठ्या ठसक्याने मिस्त्रींनाही वाचून दाखवलं होतं. काल ते सगळं शोधून काढलं. त्याखाली त्याचं एका ओळीचं उत्तर होतं. ‘चालेल. पुढच्या महिन्यात येऊन बसतो.’ तो आला नाही, तेव्हा मी म्हणाले होते की ऑनलाइनवाले असेच, नुसते विचारतात.

आईला मी आज सकाळी सगळं सांगितलं. काही लपवलं नाही, माझं उत्तरही नाही. तिने पदर डोळ्यांना लावला. मग तिने ती ओळ माझ्याकडून दोनदा वाचून घेतली, आणि म्हणाली, “म्हणजे तो आपल्याकडेच यायला निघाला होता.”

दुपारपासून ती हे सगळ्यांना सांगते आहे. मिस्त्रींना सांगितलं, शेजारणीला सांगितलं, दुकानात आलेल्या एका अनोळखी गिऱ्हाइकालाही सांगितलं. ताईनेच बोलावलं होतं त्याला, असं म्हणते, आणि माझ्या पाठीवरून हात फिरवते. नऊ वर्षांनी आज ती पोटभर जेवली आणि दाराकडे पाठ करून झोपली आहे.

तिचं म्हणणं मी खोडत नाही; ते बोलावणं नव्हतं, माझा ठसका होता. तुझ्याशिवाय मला हे कुणाला लिहिता येत नाही. थोडे दिवस येऊन राहा.

तुझी
ताई