तेवढाच एक वास

३ नोव्हेंबर

आले एकदाची! नांदूरघाटहून बीड, बीडहून आष्टी आणि पुढं काळीपिवळीत मांडीवर बॅग घेऊन. दूध शीतकरण केंद्र गावाबाहेर माळावर एकटंच उभं आहे. मला मागची खोली मिळालीय. लोखंडी कॉट, कोपऱ्यात मोरी, आणि खिडकीतून बाभळींच्या पलीकडं डोंगराची निळी रेघ. बी.एस्सी. करून घरी बसले होते तेव्हा लोक विचारायचे, पंचशीला काय करते आता? आज लॅबची किल्ली माझ्या हातात आली. धाकट्या बहिणीला, अंजलीला, लगेच पुण्याला फोटो पाठवला. ताई, तू तर साहेब झालीस, म्हणाली.

मशीन चालवणारे तात्याबा केंद्र सुरू झाल्यापासून इथं आहेत. धनगराचे, साठीच्या पुढचे, कमी बोलणारे. घसा सारखा खरखरतो. मी यायच्या आधीच त्यांनी माझा माठ भरून ठेवला होता.

७ नोव्हेंबर

काम आवडतंय. सकाळ-संध्याकाळ गवळी कॅन घेऊन येतात. झाकण उघडलं की आधी नाक, मग फॅट, मग लॅक्टोमीटरची डिग्री. आंबूस, धुरकट, गोठ्याचा, कडबा-गवताचा, दूध सगळं सांगून टाकतं. आज एका कॅनला चक्क कांद्याच्या पातीचा वास होता. गवळी हसत म्हणाला, म्हैस कांद्यात घुसली होती. असलं दूध मी नाकानंच ओळखते याचं मला माझंच कौतुक वाटलं.

लॅबच्या आतल्या दारातून कॉम्प्रेसरच्या खोलीत जाता येतं. दूध गार करायला तिथं अमोनिया फिरवतात. दार उघडलं की मुतारीसारखा भपकारा येतो आणि नाकातून थेट डोळ्यांत सुई टोचते. कुठं गळतंय का, असं तात्याबांना विचारलं. जुनं मशीन हाय, म्हणाले, थोडा श्वास सोडणारच, सवय हुईल. हा वायू पाण्याला हपापलेला असतो, हे कॉलेजात शिकले होते. नाक, घसा, डोळे, जिथं ओल आहे तिथं तो विरघळतो आणि कॉस्टिकसारखा चावतो.

१६ नोव्हेंबर

ऊसतोडीच्या टोळ्या गेल्या. दोन दिवस रस्त्यानं ट्रॅक्टर जात होते. वर भांडी, गाठोडी, शेळ्या, लेकरं. मला भाकरी देणारी कडूबाईही लेका-सुनेबरोबर कारखान्यावर गेली. गावात म्हातारी माणसं आणि कुलपं उरली. दूधही निम्म्यावर आलं. सकाळचं दूध टँकरनं गेलं की संध्याकाळपर्यंत मी, तात्याबा आणि मशीनची घरघर. ते त्यांच्या खोलीत, मी माझ्या. परवा लक्षात आलं, दिवसभरात मी फक्त आकडे बोलले होते.

सर्दी काही हटत नाही. शिंका, डोळ्यांना पाणी, सकाळी नाकात खपल्या. पण तात्याबा म्हणाले ते खरं झालं. दार उघडलं तरी आता भपकारा येत नाही.

२८ नोव्हेंबर

फोडणीतला लसूण जळून कोळसा झाला आणि मला कळलं ते डोळ्यांना धूर दिसल्यावर. मग साबण हुंगला, अगरबत्ती हुंगली, फिनेलची बाटली नाकाला लावली. काही नाही.

आष्टीला डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी नाकात बॅटरी मारून पाहिलं. म्हणाले, आतली त्वचा भाजल्यासारखी झालीय. घाण बाहेर लोटणारे बारीक केस झडलेत. वास ओळखणारे मज्जातंतूंचे शेंडेही जळाले असणार. त्या हवेतून बाहेर पडलात तर हळूहळू नवे येतील, कदाचित. मी विचारलं, आणि नाही पडले तर? मग खाली घसा, श्वासनळ्या, म्हणाले.

नाक नसलेला दुधाचा केमिस्ट कोण ठेवेल? कुणाला सांगितलं नाही, अंजलीलाही नाही. जेवण म्हणजे आता नुसतं गरम आणि मऊ. रात्री उशी नाकाशी दाबून पाहिली. माझा स्वतःचा वासही मला येत नाही.

४ डिसेंबर

व्हायचं ते झालं. आंबलेला कॅन मी पास केला आणि सगळी टाकी नासली. केंद्रप्रमुख उत्तरेश्वर सर आष्टीहून तणतणत आले. मी तोंड उघडायच्या आत तात्याबा पुढं झाले. मशीन मी उशिरा चालू केलं, म्हणाले. माझ्यासाठी त्या म्हाताऱ्यानं खाली मान घालून शिव्या खाल्ल्या.

सर गेल्यावर ते माझ्याकडं न बघता म्हणाले, “पोरी, तुजं नाक गेलं न्हाई का?”

मी रडले.

“माजं बी गेलंय. लई वर्सं झाली. फकस्त एकच वास येतो मला. भिजलेल्या मेंढरांचा. लहानपनी बापामागं हिंडायचो, पाऊस आला की कळपात घुसून बसायचो. तसाच. जसाच्या तसा.”

कधी येतो, असं विचारलं तर म्हणाले, ग्यास सुटला की. म्हणून दुपारी कोणी नसताना ते वॉल्व्ह जरासा ढिला करतात आणि टेकून बसतात. मी म्हणाले, हे वर सांगते.

“सांग की. मला घरी बसवत्याल. घरी कोन हाय माजं?”

सांगितलं नाही.

११ डिसेंबर

तात्याबा गेले.

संध्याकाळचं दूध घेऊन आलेले गवळी पायरीवरच तोंडाला पटका लावून मागं पळाले. ओरडायला लागले, मॅडम बाहेर या, बाहेर या. मी लॅबमध्ये नळ्या धूत बसले होते. डोळे चुरचुरत होते, मला वाटलं झोप झाली नाही. ओलं फडकं तोंडाला बांधून दोघं कॉम्प्रेसरच्या खोलीत गेले आणि तात्याबांना उचलून आणलं. भिंतीला टेकून बसलेले सापडले. चेहरा शांत होता. इतका शांत की मला बघवेना.

जुनं मशीन, जुना माणूस, असंच सगळे म्हणाले. मीही मान डोलावली. एका भिंतीपलीकडं एक माणूस मेला आणि मला वाससुद्धा आला नाही.

१७ डिसेंबर

नवीन माणूस मिळेपर्यंत मशीन मीच चालू-बंद करायचं, असा सरांचा निरोप. नाही म्हणता आलं नाही. मशीनमध्ये साठलेलं तेल काढायचा वॉल्व्ह कसा फिरवायचा तेही त्यांनी फोनवरच सांगितलं.

आज तेल काढताना फुस्स करून गॅस सुटला. डोळे मिटले, मागं सरले, आणि वास आला.

तीन आठवड्यांनी पहिला वास. भाजलेल्या सुकडीचा आणि बामचा.

आई.

आई अंगणवाडीत मदतनीस होती. दुपारी घरी यायची तेव्हा तिच्या पदराला सुकडीचा वास असायचा आणि कपाळाला बामचा. गेल्या उन्हाळ्यात ती गेली. मी तिच्या साड्या धुऊन वाटून टाकल्या, एकही ठेवली नाही.

पळत बाहेर आले. मोकळ्या हवेत वास पुसून गेला. पायरीवर बसून राहिले. खूप भीती वाटली. त्याहून जास्त, परत आत जावंसं वाटलं.

१९ डिसेंबर

डॉक्टरांना फोन केला. म्हणाले, तो वास बाहेरचा नव्हे. डिवचलेले तंतू काहीतरी कळवतात आणि मेंदू आपल्या मनानं वास रचतो. तिकडं फिरकू नका, लगेच रजा घ्या.

सगळं समजलं. कागद काढून रजेचा अर्जही लिहिला.

दुपारी वॉल्व्ह फिरवला. थोडासाच.

२१ डिसेंबर

आज ती जवळ होती. मागं उभी असावी इतकी. वळून बघितलं नाही. बघितलं तर कोणी नसणार, माहीत आहे.

छातीत शिट्टी वाजते. जिना चढताना लागते तशी धाप, नुसती बसले तरी.

२३ डिसेंबर

खोकल्यात रक्त. बारीक धागे.

वॉल्व्ह कालच्याएवढा फिरवून भागत नाही. वास पुसट येतो. सुकडी येते, बाम येत नाही. तात्याबांनाही असंच झालं असेल— रोज थोडं जास्त—

हे थांबवायला हवं. उद्या थांबवते.

२४ डिसेंबर

अंजलीचा फोन. मी हॅलो म्हणाले तर ती म्हणाली, कोण बोलतंय, ताईला द्या.

मीच आहे म्हणायला घशातून नुसती हवा. मग ती रडायला लागली. मी येतेय, म्हणाली. मी नको नको— पण ते तिला ऐकू गेलं नसावं.

२५ डिसेंबर

आवाज पूर्ण गेला. सकाळी गवळ्यांशी खुणांनी. एक म्हणाला, मॅडम, दवाखान्यात सोडतो, बसा गाडीवर. गाडीजवळ गेलेही.

मग दुपार झाली.

२६ डिसेंबर

कॉम्प्रेसरच्या खोलीत आहे. वही मांडीवर. बाहेरच्या दाराला आतून कडी लावली— गवळी लवकर आले तर—

आज पूर्ण आली. बाम, सुकडी, केसांचं तेलसुद्धा. डोळे उघडत नाहीत, अंदाजानं लिहितेय—

बाहेर गाडी थांबली. कोणी हाक मारतंय.

ताई.

अंजू. अंजूच. कडी वाजवतेय. खरी आहे का ही? का कानही नाकासारखे—

“ताई, आत आहेस ना? उघड ना गं!”

खरी आहे. आई अशी ओरडायची नाही.

ओ देता येत नाही. हवा नुसती. वॉल्व्ह बंद करते—

फिरत नाही. बोटांत जोर नाही. आईचा वास गेला. कशाचाच वास नाही. खोली भरलीय असणार, मला कळत नाही किती—

पावलं. मागून फिरून लॅबकडं. लॅबचं आतलं दार नुसतं लोटलेलं आहे. रांगत जाते. हे पान फाडून फटीतून—

अंजू आत येऊ नकोस. गॅस आहे. तोंडाला ओलं फडकं लाव आणि लांब जा. माझ्यासाठी दार उघडू नकोस अंजू दार उघ