पाणी चारीत वळलं

शनिवार, श्रावण, १९९६

अक्षर वाकडं येतंय, येऊ दे. घाईनं लिहितेय. आज आमची नवी चारी, पाणी वळवायला खणलेला चर, चालली.

दुपारी साक्रीकडच्या डोंगरात पाऊस कोसळला आणि नाल्याला लोंढा आला. हे पाणी दरवर्षी खालच्या गल्लीत शिरायचं. गेल्या साली त्यात सलमाबीचं शिलाई मशीन गेलं. आज आम्ही सगळे नव्या बांधावर उभे होतो. पाणी बांधाला धडकलं, तुंबलं, आणि मग सावकाश वळून चारीत उतरलं. सलमाबीने माझा दंड घट्ट धरला. "ताई, मुड गया," एवढंच म्हणाली. कसं वळलं ते! डोळ्यांपुढून हलतच नाही.

पण ही चारी आमच्याच शेतातून गेली आहे. पंचायतीची सदस्य म्हणून त्यासाठी जमिनीची पट्टी मीच सासऱ्यांकडे मागितली होती. आबांनी दिली, पण तेव्हापासून माझ्याशी बोलणं सोडलं. सून म्हणून चुकले का मी? कितीदा वाटलं.

संध्याकाळी आबा एकटेच शेत बघून आले. चारीकाठची कपाशी वाहून गेली होती. मी ताट वाढलं. खाली मान घालून जेवता जेवता म्हणाले, "चारी सांकडी पडनी. रुंद करा. आखो जागा लागनी ते ल्या."

आणखी जागा घ्या म्हणत होते! मी विचारलं, "आबा, पण कपाशी?"

"ती पुढला साल बी व्हई. आते भाकर दे."

मी दोन वाढल्या.